मेन स्विचवरचं कुलूप

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टची दुरुस्ती शिकवायला निघालेल्या मंडळींनी रोज तीन जिने चढावेत, यातली गंमत पहिल्या आठवड्यातच संपली होती. संपली नव्हती ती फक्त बाबांसाठी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला हात टेकून थांबायचे, वर बघायचे, आणि उरलेले जिने चढून आले की पाण्याचा ग्लास हातात घेण्याआधी सांगायचे की या जिन्याच्या मधोमध शाफ्ट, म्हणजे लिफ्टचा उभा बोगदा, बसतो, मी मापं घेतलीत, तुमच्या घरमालकाला सांगा.

चाळीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते ते. निवृत्त झाल्यावर घरात बसून आईला स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्यांवर व्याख्यानं द्यायला लागले, तेव्हा आईनेच मुलीला सांगितलं, की यांना तुझ्याकडे घेऊन जा बाई, निदान चार तास. मुलगी ज्या ऑफिसात होती तिथे तेव्हा नेमकं लिफ्टचंच काम आलेलं. एका प्रशिक्षण संस्थेला असा वर्ग हवा होता, की सहा शिकाऊ मेकॅनिक आपापल्या गावी डोक्याला हेडसेट लावून बसतील आणि सगळे एकाच मशीन रूममध्ये उभे असतील. भिंतीवर बटणांची रांग. ब्रेकचं बटण दाबलं की मधल्या टेबलावर ब्रेक हजर, पान्यांचं दाबलं की पाने हजर. ज्याने दाबलं त्याला दिसणार, बाकी पाचांनाही दिसणार; एकाने उचलला तर दुसऱ्याला तो त्याच्या हातात दिसणार.

मुलीचं काम पाट्या लिहिण्याचं. बटणाखालची दोन शब्दांची पाटी, भिंतीवरच्या सूचना, चूक झाल्यावर समोर येणारं वाक्य. ऑफिसात तिला पाटीवालीच म्हणायचे. ज्याच्या हातून ती बटणं घडायची त्या प्रोग्रामरला डॉक्टर म्हणायचे, कारण कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो आधी तोंडाने चक् चक् करायचा आणि मगच हात लावायचा.

बाबा आले आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरशी बटणावरून जुंपली. डॉक्टरचं बटण पाच वेळा दाबलं की टेबलावर पाच ब्रेक यायचे. बाबांनी वैतागून अकरा वेळा दाबून दाखवलं. टेबलावर जागा उरली नाही, दोन ब्रेक जमिनीतून खाली गेले. बाबांचं म्हणणं असं, की लिफ्टचं बटण लिफ्ट आणत नाही, ते फक्त विचारतं. वरच्या पेटीने ऐकलं की बटणात दिवा लागतो. मग घाईतल्या माणसाने कितीही वेळा दाबू दे, हाक एकदाच नोंदली जाते. डॉक्टरने डोकं खाजवलं, दोन दिवस घेतले आणि बटणांची सगळी रीतच बदलली. बटण सर्व्हरला विचारणार, सर्व्हर होकार देणार, मगच वस्तू उगवणार. त्या दिवसापासून तो बाबांना सर म्हणायला लागला. बाबांना ते आवडायचं नाही, पण त्यांनी कधी थांबवलंही नाही.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते.

काम त्या दोन महिन्यांत रेंगाळलं. कुणी तसं बोललं नाही, पण बाबांनी जिथली मांडणी स्वतःच्या हाताने केली होती ती मुख्य खोली कुणी उघडलीच नाही. सगळे तिच्या नकलेत काम करत राहिले. सोमवारी उघडावीच लागली, कारण गुरुवारी अकरा वाजता संस्थेचे लोक सहा शिकाऊंसह ती बघायला बसणार होते. उघडली, आणि मेन स्विच वर जाईना.

भिंतीवर हातभर लांबीची दांडी असलेला राखाडी स्विच. दांडी वर केली की लिफ्टला वीज मिळते. डॉक्टरने ओढली, ऑफिसच्या मालकीणबाईंनी ओढली. दांडी जागची हलेना. नकलेत तीच दांडी लोण्यासारखी वर जात होती. डॉक्टर मंगळवारी दुपारपर्यंत चक् चक् करत बसला. मालकीणबाई म्हणाल्या, की होत नसेल तर खोली पुसून नवी मांडा. पुसायची म्हणजे बाबांनी ठेवलेला एकेक खिळा जाणार होता.

पाटीवालीला तेव्हा फक्त एक पाटी लिहायची होती. बटणांच्या रांगेत शेवटचं, लाल, बाबांनी डॉक्टरकडून मुद्दाम करून घेतलेलं. त्याची पाटी राहून गेली होती. ते काय करतं हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं. तिने हेडसेट चढवला, ऑफिसच्या मोकळ्या कोपऱ्यात चिकटपट्टीने आखलेल्या चौकोनात उभी राहिली, आणि दाबलं. बटणात दिवा लागला. तिच्या उजव्या हातात एक लाल कुलूप आलं. त्यावर तिचं नाव, म्हणजे आत शिरताना टाकलेलं टोपणनाव: पाटीवाली.

कुलूप कुठे लावायचं ते शोधायला वेळ लागला नाही. मेन स्विचच्या दांडीला सहा भोकांची एक पट्टी लोंबत होती. तिने कुलूप पट्टीजवळ नेलं आणि ते आपसूक जाऊन बसलं.

दुसऱ्या भोकात.

तिने काढलं, पुन्हा नेलं. पुन्हा दुसऱ्यात. पहिलं भोक समोर रिकामं दिसत असताना कुलूप ते सोडून पुढे जात होतं, जसं बाकावर कुणी बसलेलं असलं की आपण न विचारता सरकून बसतो तसं. तिसऱ्यांदा करून पाहिल्यावर तिने आपलं कुलूप काढून घेतलं, हेडसेट कपाळावर सरकवला आणि डॉक्टरला हाक मारली.

डॉक्टरने स्वतः हेडसेट लावून बघितलं. मग त्याने जे सांगितलं ते तिला असं समजलं: बटण दाबून वस्तू उगवली की तिची खबर त्या क्षणी खोलीत असलेल्यांना जाते. निरोप तोंडी, वहीत नोंद नाही. जो नंतर आला त्याला कोण सांगणार? रोजच्या चाचणीच्या वर्गात हे कधी लक्षात आलं नाही, कारण वर्ग संपला की टेबल साफ व्हायचं आणि पुढच्या वर्गात सगळे एकदमच आत यायचे. कुलपाचं तेवढं वेगळं होतं. बाबांनी त्याला बजावलं होतं, की कुलूप लावणारा घरी गेला म्हणून कुलूप निघत नाही, आणि कुलूप आहे तोवर खोलीतली काडीही हलवायची नाही. म्हणून कुलूप लागल्याची, आणि तेव्हा खोलीत असलेल्या सामानाची, नोंद त्याने सर्व्हरच्या वहीत केली. ते दिसावं कसं, ते नंतर आलेल्याला कळावं कसं, हे मात्र राहिलं.

"म्हणजे पहिल्या भोकात कुलूप आहे," ती म्हणाली. "आपल्याला दिसत नाही एवढंच. म्हणून दांडी वर जात नाही."

डॉक्टर खुर्चीत बसला तो संध्याकाळीच उठला. आता नंतर येणारा माणूस दारातच सर्व्हरला विचारणार होता, की मी यायच्या आधी इथे काय काय झालंय. बुधवारी सकाळी ती पुन्हा चौकोनात उभी राहिली. पहिल्या भोकात लाल कुलूप होतं. त्यावर बाबांचं टोपणनाव: मिस्त्री १. खाली तारीख, आणि वेळ दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाबा शेवटचे ऑफिसला आले तो दिवस. त्या दिवशी ते हेडसेट काढून म्हणाले होते, की डोळे दुखतायत, उरलेलं उद्या. नंतर आठ दिवस घरात, आणि मग संपलंच.

डॉक्टर मागून हळू आवाजात म्हणाला, की ताई, एक ओळ लिहायची आहे, सर्व्हरवरून काढून टाकतो, पाच मिनिटांत स्विच सुरू. त्याला वाईट वाटत होतं, म्हणूनच तो घाईने बोलत होता.

ती थांब म्हणाली. का, ते तिला लगेच सांगता आलं नाही. मशीन रूमच्या त्याच भिंतीवर, स्विचच्या डाव्या हाताला, तिनेच लिहिलेली पाटी होती. बाबांनी सांगितलेली, तिने टाइप केलेली. कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढावं. तो हजर नसेल तर त्याला फोन लावावा. तो शाफ्टमध्ये नाही याची दोघांनी वरून खालपर्यंत बघून खात्री करावी. मग तिसऱ्यादेखत कुलूप कापावं आणि कारण लिहावं. फोन लावावा यावरून दोघांचा वादही झाला होता. संपर्क साधावा असं लिहूया, तिने सुचवलं होतं. बाबा म्हणाले, संपर्क साधला म्हणजे काय केलं? फोन लावला की नाही ते सांग.

मालकीणबाईंपुढे तिने एवढंच मांडलं: उद्या सहा मुलांना आपण ही पाटी वाचायला लावणार. आज आपणच पाठीमागून ओळ लिहून कुलूप काढलं, तर पाटी उतरवा. मालकीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. संध्याकाळी पाचपर्यंत तुझ्या पद्धतीने कर, त्या म्हणाल्या. पाचनंतर डॉक्टरची एक ओळ.

दोघांनी खात्री करावी, यातला दुसरा कोण, हा प्रश्न तिला पडला नाही. बाबांबरोबर पंचवीस वर्षं जोडीने काम केलेले काका होते. बाबा वर मशीन रूममध्ये, काका खाली शाफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यात. त्यामुळे काकांना वरून बोललेलं ऐकायची सवय, आणि समोरासमोर बोलतानाही मान वर करून बोलायची. अकराच्या सुमाराला ते जिने चढून आले, दारातच बसले.

"काय गं, चढायलाच लावायचं होतं तर लिफ्टचं काम कशाला घेतलंत?"

तिने सगळं सांगितलं. कुलूप राहिलंय म्हटल्यावर काकांनी रुमालाने चेहरा पुसता पुसता हात थांबवला. राहिलं नसेल, ते म्हणाले. तुझ्या बापाचं कुलूप विसरून राहत नाही. तिने तारीख दाखवली, वेळ दाखवली. काकांनी ते ऐकून घेतलं आणि मान हलवली, पटलं म्हणून नव्हे. मग पाटी वाचून दाखवायला सांगितली. फोन लावावा, इथे त्यांनी तिला थांबवलं.

"लावलास?"

तिने मानेनेच नाही म्हटलं. काका म्हणाले, की असं कर, मी लावतो. पण नंबर तिच्याच फोनमध्ये होता, अजून पहिलाच. तिने लावला. चौथ्या घंटेला आईने उचलला. बाबांचा फोन आई अजून रोज चार्जिंगला लावते हे तिला माहीत होतं. बाबा गेल्याचं न कळलेले लोक अजून फोन करतात.

"बोल," आई म्हणाली. "या फोनवर का केलास?"

तिला वाक्य जुळवता येईना. कामाचा फोन आहे, म्हणाली. कुलूप राहिलंय बाबांचं, स्विचवर. पलीकडे थोडा वेळ फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. आई गॅस बारीक करायला गेली असावी. परत आली तेव्हा तिचा आवाज कोरडा होता, कचेरीतल्या माणसासारखा. असला फोन आईला नवा नव्हता. मुलगी शाळेत होती तेव्हा एकदा काकांनीच केला होता: कुलूप आहे, माणूस दिसत नाही, घरी आलाय का? आईने नाही सांगितलं, आणि मग पाऊण तास फोनजवळ बसून राहिली. बाबा लिफ्टच्या टपावर अडकले होते, दोन मजल्यांच्या मध्ये, पाय मुरगळून. कुलूप होतं म्हणून कुणी लिफ्ट चालवली नाही.

"शाफ्ट बघितला का?" आईने विचारलं.

"आता बघतो."

"नीट बघा. वरून खालपर्यंत." मग म्हणाली, "ते घरी नाहीत म्हणून लिही. कामावर येणार नाहीत."

काका खिडकीबाहेर बघत होते.

त्यांना हेडसेट बसवताना अर्धा तास गेला. पट्टा घट्ट होतो, चष्मा रुततो, हात कुठे गेले माझे, अशा तक्रारी झाल्या. डॉक्टरने त्यांना खुर्चीतच बसवलं आणि खड्ड्यात उतरवलं. खाली पोचल्यावर काकांचा सूर एकदम बदलला. इथे तेल सांडलेलं का दाखवलं नाही, त्यांनी विचारलं. खड्ड्यात तेल असतंच.

ती वर होती. मशीन रूमच्या फरशीतल्या झाकणातून लिफ्टच्या टपावर उतरायचं होतं. या खोलीची प्रत्येक पाटी तिने लिहिली होती, पण टपावर ती कधी उतरली नव्हती. तिथे पाटी नव्हती. खऱ्या शाफ्टमध्ये तर बाबांनी तिला लहानपणी डोकावूही दिलं नव्हतं. ऑफिसच्या फरशीवर, चिकटपट्टीच्या चौकोनात ती उभी आहे हे ठाऊक असूनही टपाच्या कडेवरून खाली पाहिलं तेव्हा तिने गुडघे वाकवले.

आणि टपावर सामान होतं. कालच्या दुरुस्तीने फक्त कुलूपच दिसायला लागलं नव्हतं. बटण दाबून मागवलेला एक दहा नंबरचा पाना होता, एक हातदिवा, चालू, आणि शेजारी एक घडी घातलेलं फडकं. बाबांची फडक्याची घडी तिने ओळखली असती, पण ही तशी नव्हती; बटणातून येणारं फडकं सगळ्यांनाच त्याच घडीत मिळायचं.

"काय दिसतंय?" काकांचा आवाज खालून आला.

"सामान आहे."

"सामान आहे हे मला कळलं. काय उघडलंय?"

तिने दिवा उचलला. भिंतीवर तिच्या डोक्याच्या वर एक छोटी पेटी होती, झाकण काढलेली. आत स्विच, स्विचला एक दांडी. काकांनी तिला काय बघते आहेस ते नुसतं बघू नको, बोल, असं सांगितलं, आणि तिने पुस्तकातला उतारा वाचावा तसं सगळं वर्णन केलं. लिफ्टच्या टपाला बाजूने एक वाकडी पट्टी आहे. लिफ्ट वर जाईल तशी ती पट्टी भिंतीवरच्या दांडीला लागणार असं दिसतंय.

"लागते का?"

तिने पट्टीची रेघ नजरेने वर नेली. दांडी आणि पट्टी यांच्यात बोटभर अंतर होतं. लागणार नव्हती. शेजारून निघून गेली असती.

काका खाली खुर्चीत हलले. खुर्चीचा आवाज तिला खरा, ऑफिसातला ऐकू आला. तो लिमिट स्विच, ते म्हणाले. लिफ्ट सगळ्यात वर गेली की पट्टीने दांडी ढकलायची, वीज तुटायची, लिफ्ट थांबायची. दांडीला पट्टी लागलीच नाही तर लिफ्ट थांबत नाही, आणि टपावर माणूस असला तर त्याच्या डोक्यावर छत आहे.

डॉक्टरने आपल्या पडद्यावर तपासलं. मग चक् चक् न करता म्हणाला, की शाफ्टची भिंत मी सरकवली होती, मशीन रूमकडे येणारा जिना बसत नव्हता म्हणून. तिच्याबरोबर पेटी सरकली असणार. उद्या लिफ्ट सगळ्यात वर नेऊन दाखवायची ठरलं होतं, आणि सहाच्या सहा जणांना टपावर उभं करून.

"सरांनी मला सांगितलं का नाही पण?"

"सांगितलं की," काका खालून म्हणाले. "कुलूप लावलं."

त्यानंतर ते तिघं जवळजवळ दोन तास त्या बोटभर अंतरावर होते. डॉक्टर पेटी सरकवायचा, ती टपावरून सांगायची, काका पट्टीचा कोन विचारायचे. एकदा दांडी फारच पुढे आली, एकदा उलटी बसली. काकांनी तिला पाना कसा धरायचा ते सांगितलं आणि नकली पाना असूनही कोपर खाली ठेव म्हणून टोकलं. मध्येच चहा आला, तो निवला. शेवटी तिने हाताने पट्टी वर ढकलून पाहिली आणि दांडी खट्कन मागे गेली. ते पाहायला तिला इतकं आवडलं, की तिने आणखी दोनदा केलं.

मग राहिलेला शाफ्ट त्यांनी बघितला. नियम होता, आणि आईनेही सांगितलं होतं. ती शाफ्टमधल्या शिडीने एकेक मजला खाली येत गेली, काका खालून वर बघत राहिले. प्रत्येक मजल्यावर ती म्हणायची, इथे कुणी नाही, आणि काका तेच शब्द परत म्हणायचे. ती त्यांची पद्धत होती. एकाने बोललेलं दुसऱ्याने परत बोलायचं, म्हणजे ऐकलं हे कळतं. चौथा, तिसरा, दुसरा, पहिला. खड्ड्यात दोघं समोरासमोर आले. काकांचा पुतळा तिच्यापेक्षा बुटका झाला होता, ते खुर्चीत बसले होते म्हणून.

"इथे कुणी नाही," ती म्हणाली.

"इथे कुणी नाही," काका म्हणाले.

कुलूप कापायला कातर लागणार होती आणि तशी वस्तू यादीत नव्हती. डॉक्टरने लांब दांड्यांची एक कातर घाईघाईत बनवली आणि तिला बटण दिलं. मालकीणबाई स्वतः तिसऱ्या म्हणून हेडसेट लावून उभ्या राहिल्या. साडेचार झाले होते. काकांनी तिलाच काप म्हटलं. तिने दोन्ही हातांनी दांड्या जवळ आणल्या. डॉक्टरने आवाज टाकला नव्हता, त्यामुळे कुलूप काही न बोलता दोन तुकडे होऊन जमिनीवर पडलं आणि तिथेच राहिलं.

कारणाचा रकाना समोर आला. तिने आईचं वाक्य लिहिलं: कुलूप लावणारे घरी नाहीत, कामावर येणार नाहीत. काकांना वाचून दाखवलं. आणि कामाचं, ते म्हणाले, कामाचं काय ते लिही. तिने लिहिलं, की वरच्या लिमिट स्विचचं काम त्यांनी काढलं होतं, ते आज आम्ही पुरं केलं. खाली तिघांची टोपणनावं. काकांनी आपलं आत शिरताना टाकलंच नव्हतं, त्यामुळे तिथे पाहुणा ३ असं आलं. राहू दे, ते म्हणाले.

तिने मेन स्विचची दांडी वर केली. पाठीमागे मोटर सुरू झाली, लिफ्ट आधी तळाला गेली आणि मग वर यायला लागली, मजल्यामागून मजला, आणि सगळ्यात वर येऊन थांबली. डॉक्टरने सुस्कारा सोडला. मालकीणबाई हेडसेट काढून उद्यासाठी फोन करायला लागल्या.

काकांनी मात्र हेडसेट काढला नाही. ते मान तिरकी करून ऐकत होते. पुन्हा चालव, ते म्हणाले. तिने पुन्हा चालवली. ब्रेक उघडल्याचा आवाज लिफ्ट हलल्यानंतर येतोय, तो आधी यायला पाहिजे. डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली आणि किती आधी ते विचारलं.